तणाव्यांचं विमान

बेसमेंटमधल्या पिंगपाँगच्या टेबलावर गेले चौदा महिने एक सांगाडा उभा आहे. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ८३ सेंटिमीटर, नाकापासून शेपटीपर्यंत ५२. कापड चढवलेलं नाही आणि चढवणारही नाही. मुलीच्या मैत्रिणी खाली आल्या की विचारतात, "अजून अर्धंच आहे?" घरातल्यांना फक्त टेबल कधी मोकळं होणार एवढंच हवं असतं.

हे कर्टिस जेएन-४डी. अमेरिकेत याला कुणी जेएन म्हणत नाही, जेनी म्हणतात. ग्लेन कर्टिस हा हॅमंड्सपोर्टचा, म्हणजे आमच्या रॉचेस्टरहून दीडेक तासावरचा. सायकलींपासून सुरुवात, मग मोटारसायकली, मग विमानं. इंग्लंडहून आलेल्या बी. डग्लस थॉमसनं रेखलेलं 'जे' आणि कंपनीचं स्वतःचं 'एन', या दोघांचा संकर म्हणजे जेएन. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे बहुतेक वैमानिक याच्यावरच शिकले. सगळे प्रकार धरून सहा हजारांवर विमानं बनली. इंजिन ओएक्स-५, आठ सिलिंडर, ९० हॉर्सपॉवर, वेग जेमतेम ताशी १२० किलोमीटर. हॅमंड्सपोर्टच्या कर्टिस म्युझियममध्ये एक जेनी आहे. मी तिच्याखाली मान वर करून इतका वेळ उभा राहिलो की सौ. गाडीत जाऊन बसली.

मॉडेल एकास सोळा प्रमाणात. मॉडेल एअरवेजच्या या संचात लेझरनं कापलेलं बासवूड, कोरीव पितळी पत्रे आणि ओतीव धातूचे भाग येतात. लहानपणी आपण 'बाल्सा'चं विमान ऐकलेलं असतं. ते लाकूड उडणाऱ्या मॉडेलसाठी. मॅसॅच्युसेट्समधल्या वेकफील्डच्या गिलोजनं, म्हणजे नौदलाच्या माजी वैमानिकानं १९२६ मध्ये काढलेल्या कंपनीनं, इथल्या कैक पिढ्यांना तेच कापायला शिकवलं. पण बाल्सा भुसभुशीत, ब्लेड लागलं की कड चुरते. बासवूड बारीक रेषेचं, दोन मिलिमीटरच्या पट्टीलाही धारदार कोपरा देतं. खऱ्या जेनीत स्प्रूस आणि ॲश होतं. पंखाची एकेक फासळी सुटी करायची, पॉलिश पेपरवर दोन हात फिरवायचे, पुढच्या-मागच्या वाशात ओवायची. मी सांगलीत वाढलो, त्यामुळे फासळ्या ओवताना हाताला आकाशकंदिलाच्या कामट्या आठवत होत्या. फरक एवढाच की कंदिलाला खळ लावून कागद डकवला की तो ताठ उभा राहतो. हे काही केल्या राहीना. दोन पंख, मधले खांब, सगळं चिकटवूनही बोटानं ढकललं की झुलायचं.

कारण ताकद लाकडात नाहीच. ती तारांत आहे. मराठीत तंबूच्या दोराला तणावा म्हणतात, त्याहून नेमका शब्द मला सापडला नाही. जेनीच्या पंखांमधल्या तारांचे दोन मुख्य वर्ग: फ्लाइंग वायर, ज्या उडताना पंखाला वर मुडपू देत नाहीत, आणि लँडिंग वायर, ज्या जमिनीवर त्याला लोंबू देत नाहीत. खांब दाब सोसतात, तारा ओढ सोसतात. म्हणजे रेल्वेचा पूल! आणि ही युक्ती आणली ती पूल बांधणाऱ्यानंच. ऑक्टेव्ह शनूट हा शिकागोचा इंजिनिअर, मिसुरी नदीवर कॅन्सस सिटीचा पूल बांधलेला. १८९६ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यानं मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर दुपंखी ग्लायडर उडवून पाहिलं. पंख बांधले होते पुलाच्या प्रॅट ट्रसच्या पद्धतीनं. राइट बंधूंनी तीच बांधणी उचलली, कर्टिसकडेही तीच.

इथे मराठी वाचक हमखास शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव काढतो, १८९५ची चौपाटी. मीही काढलं असतं. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही, आणि मॉडेल करणाऱ्याची अडचण त्याहून साधी आहे. शनूटनं आपले प्रयोग छापून टाकले, त्याचं ग्लायडर आजही मोजून कापता येतं. तळपद्यांच्या यंत्राची अशी मापं आपल्यापाशी नाहीत. कुठून सुरू करणार?

तारा ओवताना मी माती खाल्ली. खऱ्या विमानात तीन मिलिमीटरची तार धरली तर इथे ती ०.२ मिलिमीटरची. चिमट्यानं धरायची, पितळी कानातून घालायची, श्वास रोखून ओढायची. एका शनिवारी मी उजव्या बाजूच्या सगळ्या लँडिंग वायर एका बैठकीत ताणून टाकल्या, डावीकडे एकही नव्हती. सकाळी बघतो तो उजवं टोक चार मिलिमीटर वर. मूळ विमानात हे सहा सेंटिमीटरच्या वर जातं. त्या काळच्या रिगरनं, म्हणजे तारा ताणणाऱ्या कारागिरानं, माझा कान पिळला असता. त्याचा नियम असा, की तार आवळायचा एक टर्नबकल इकडे, एक तिकडे, आणि दर वेळी ओळंबा लावून बघायचं. सगळ्या तारा ब्लेडनं कापल्या. तीन आठवडे गेले.

कापड नसल्याची एक खंत मात्र आहे. अंगावर नंबर रंगवता येत नाही, नाहीतर मी ३८२६२ घातला असता. १९१८ मध्ये अमेरिकेनं हवाई टपालासाठी २४ सेंटचं तिकीट काढलं, त्यावर जेनी. दोन रंग, म्हणून छपाई दोनदा, आणि शंभर तिकिटांच्या एका तावावर विमान उलटं बसलं. विल्यम रोबी नावाच्या संग्राहकाला तो ताव १४ मे रोजी वॉशिंग्टनच्या पोस्टात २४ डॉलरला मिळाला. तिकिटावरच्या विमानाचा नंबर ३८२६२. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष विल्सन यांच्यासमोर टपाल घेऊन निघालेलं विमान योगायोगानं तेच. माझ्या ४डीचं ताकदवान भावंड, १५० हॉर्सपॉवरच्या हिस्पानो इंजिनाचं. आधी सुरूच होईना, टाकीत इंधनच नव्हतं. मग लेफ्टनंट बॉइल उत्तरेला फिलाडेल्फियाकडे जायचे ते रुळांचा माग धरून भलत्याच दिशेला गेले आणि मेरीलँडमधल्या वॉल्डॉर्फपाशी उतरताना विमान पालथं झालं. तिकीट छापणाऱ्याला दोष द्यायचा की दाद?

युद्ध संपल्यावर जेनी कवडीमोलानं विकल्या गेल्या. १९२३ मध्ये वैमानिक चार्ल्स लिंडबर्गनं जॉर्जियात ५०० डॉलरला घेतली ती त्याचं पहिलं विमान. जत्रेजत्रेतून कसरती करणारे फिरस्ते वैमानिक यांच्यावरच पोट भरत. बेसी कोलमन त्यांतलीच. अमेरिकेत काळ्या बाईला कुणी शिकवेना म्हणून तिनं फ्रान्सला जाऊन १९२१ मध्ये परवाना मिळवला. ३० एप्रिल १९२६ला जॅक्सनव्हिलला दुसऱ्या दिवसाच्या खेळाची तयारी चालली होती. विमान तिचा मेकॅनिक विल्यम विल्स चालवत होता. खाली वाकून पाहता यावं म्हणून तिनं पट्टा बांधला नव्हता. जेनी अचानक सूर मारून उलटली, ती बाहेर फेकली गेली, दोघंही गेले. इंजिनाच्या कामाचा एक पाना कंट्रोलमध्ये अडकलेला सापडला. कापड नसलेल्या मॉडेलमध्ये वैमानिकाच्या पायाखालची ती जागा सरळ दिसते. उघड्या तारा, उघडा दांडा, वर कसलंही झाकण नाही. तिथली तार बसवताना मी हातातला चिमटा आधी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला.

दिवाळीच्या सुमारास बाबा आले. त्यांनी आमच्या वाड्यात वर्षानुवर्षं कंदील केले, त्यामुळे जिना उतरताच त्यांनी एक डोळा मिटून मॉडेलकडे मागून पाहिलं.

"डाव्या पंखाची मागची कड खाली गेलीय रे. उजवी बघ, सरळ आहे."

"मुद्दाम केलंय, बाबा. पंखा फिरला की त्याच्या उलट्या झटक्यानं विमान डावीकडे कलतं. म्हणून रिगर डावा पंख जरासा पिळून ठेवायचे, त्याला जास्त उचल मिळावी म्हणून. मागच्या लँडिंग वायर ढिल्या, फ्लाइंग वायर घट्ट."

"पण हे उडणार नाही ना?"

"नाही."

त्यांनी पुन्हा डोळा मिटला, खिशातून चष्मा काढला, आणि स्टूल ओढून डाव्या बाजूला बसले. "मग किती पिळलंयस? पट्टी दे बघू."