ओख्याची मोटार आणि दांडिया बाजारातले ब्रेक

ॲम्बेसेडर म्हणजे कलकत्त्याची गाडी, हे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आम्हा पोरांना पाठ होतं. बिर्लांचा उत्तरपाड्याचा कारखाना, साहेबांची पांढरी गाडी, २०१४ साली थांबलेलं उत्पादन, हा सगळा इतिहास सर्वश्रुत आहे. मला कित्येक वर्षं पछाडलंय ते त्याआधीच्या एका पानानं. १९४२ साली बी. एम. बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स काढली, तेव्हा तिचा जुळणीचा कारखाना बंगालमध्ये नव्हता. तो होता द्वारकेच्याही पलीकडे, ओखा बंदरात. आणि ओखामंडळ होतं बडोदे संस्थानात, म्हणजे आमच्या गायकवाडांच्या हद्दीत! १९४८ साली कारखाना उत्तरपाड्याला हलला, पुढच्याच वर्षी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि बडोद्यानं ही गोष्ट मनावर घेतलीच नाही.

सयाजीरावांनी ओख्याचं बंदर उभारलं ते व्यापार संस्थानाच्या हाती राहावा म्हणून. काठियावाडच्या संस्थानी बंदरांतून उतरणाऱ्या मालानं मुंबईचं जकातीचं उत्पन्न बुडतं, म्हणून इंग्रज सरकारनं १९२७ साली विरमगामची जकात पुन्हा बसवली होती. या ओढाताणीतल्या बंदरावर मॉरिसचे सुटे भाग उतरवून गाडी जोडायची, अशी बिर्लांची योजना होती. मॉरिस टेनची झाली हिंदुस्थान टेन. गाडीचं नाव देशी, पण भाग सगळे विलायती.

पुढच्या वादाचं मूळ इथेच आहे. नुसत्या जुळणीला मोटार बनवणं म्हणायचं का? सर विश्वेश्वरय्यांना ते मान्य नव्हतं. तिशीच्या दशकात सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने पाहून आले आणि हिंदुस्थानात संपूर्ण मोटार घडवणारा कारखाना हवा, अशी योजना मांडून बसले. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळानं पाठबळ द्यायची तयारी दाखवली. पण १९३९ साली मंत्रिमंडळच राजीनामा देऊन बाहेर पडलं. ती योजना हाती घेतली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. मोटारीसाठी अमेरिकेला गेलेल्या वालचंदांना परतीच्या विमानात विमान-व्यवसायातला अमेरिकन विल्यम पॉली भेटला आणि त्यातून बंगळूरचा विमान कारखाना उभा राहिला. विमानाला परवानगी मिळाली, मोटारीला मात्र दिल्लीनं युद्धाचं कारण पुढे करून दाद दिली नाही. क्रायस्लरशी करार होऊनही प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघायला १९४४ साल उजाडलं आणि कुर्ल्यातून पहिली गाडी बाहेर पडायला १९४७. मला हा अन्याय वाटतो, आजही.

या वादाचा निकाल लागला १९५३ साली. टॅरिफ कमिशननं सांगितलं की ज्यांच्याकडे इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं, नुसत्या जुळणीवाल्यांनी जावं. फोर्ड आणि १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स, दोघांनीही गाशा गुंडाळला. वालचंद त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिद्धपूरला वारले. सिद्धपूर हेही जुन्या बडोदे राज्यातलंच.

या निर्णयाचा माझ्या गॅरेजशी थेट संबंध आहे. पन्नाशीच्या दशकातली शेवरोले जपणाऱ्याला प्रत्येक वायसर परदेशातून आणावा लागतो. माझ्या ॲम्बेसेडर मार्क टूला तो त्रास नाही, कारण तिचं इंजिन उत्तरपाड्यात ओतलं जात होतं आणि देशभर त्याचे भाग बनत होते. मात्र ज्या संरक्षणानं हे भाग दिले, त्याच संरक्षणानं स्पर्धा मारली, आणि स्पर्धेविना ब्रेक दशकानुदशकं तेच राहिले. चारही चाकांना ड्रम, आणि सगळ्या चाकांना मिळून एकच सर्किट. एका व्हील सिलिंडरची रबरी वाटी फाटली की पॅडल थेट जमिनीला टेकतं.

इंजिन मूळचंच राहू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज: बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९, मिळून १४८९ सीसी. १९५५ ची एमजीए ही विलायती स्पोर्ट्स कार याच मापाच्या इंजिनावर धावायची. ती जपणारे हौशी लोक जगभर असल्यामुळे व्हॉल्व्ह, गॅस्केट, रिंगा, बेअरिंग अजूनही नवे बनतात. मागवताना दोन गोष्टी तपासाव्यात. आपला क्रँक तीन मेन बेअरिंगांचा आहे. १९६४ नंतरच्या एमजीबीचा पाच बेअरिंगांचा क्रँक इथे बसत नाही. आणि एमजीएचे पिस्टन जास्त कॉम्प्रेशनचे असतात. बाकी झिजलेला बोअर आणि क्रँक ग्राइंड करणारे खरादी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहेत, आणि त्यांचं काम कुठल्याही विलायती दुकानाच्या तोडीचं आहे.

ब्रेकच्या बाबतीत मी मूळपणाचा हट्ट धरत नाही. ही गाडी निघाली तेव्हा अहमदाबादचा एक्स्प्रेसवे नव्हता, आणि समोर एबीएस असलेली गाडी करकचून थांबत नव्हती. सलग ब्रेक मारले की ड्रम तापून फुगतो, शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, लायनरची पकडही घटते.

सुरुवात दोन सर्किटांच्या मास्टर सिलिंडरनं करावी; एक सर्किट गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. पुष्कळ लोक आधी बूस्टर बसवतात. त्यानं पायाचा जोर वाचतो, ड्रमची उष्णता तसूभर कमी होत नाही. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं आणि बडोद्याचा पावसाळा लक्षात घेता ते वेळच्या वेळी बदललंच पाहिजे. त्यात चुकूनही इंजिन ऑईल पडलं तर साऱ्या रबरी वाट्या फुगून निकामी होतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या पाइपनं कधीही उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी.

पुढे डिस्क बसवायची तर खरी गफलत मास्टर सिलिंडरमध्ये होते. ड्रमच्या मास्टर सिलिंडरात एक लहान व्हॉल्व्ह असतो. पाय उचलल्यावरही तो पाइपात थोडा दाब धरून ठेवतो, म्हणजे वाट्या आपल्या जागी ताठ बसतात. डिस्कला तोच दाब घातक, कारण पॅड चकतीला घासत राहतात आणि चाकं तापतात. पुढच्या सर्किटातून तो काढावाच लागतो, मागच्या ड्रमसाठी ठेवावा लागतो. डिस्कला ड्रमसारखा स्वतःच्या फिरण्यातून जोर मिळत नाही, त्यामुळे दाबही जास्त हवा. इथे मात्र बूस्टरचं काम आहे. सगळं जोडून झालं की मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, कोरड्यात आणि मग ओल्यात थांबून बघावं. मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकली तर गाडी जागच्या जागी फिरते. तसं झालं तर मागच्या सर्किटात दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय ती एक्स्प्रेसवेवर न्यायचीच नाही.