किराण्याची यादी आणि दुकानाचा गल्ला

महागाई वाढली की तिचा पहिला तडाखा स्वयंपाकघराला बसतो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. २०१९ च्या अखेरीस कांद्याने अनेक शहरांत शंभरी ओलांडली. २०२२ साली एकीकडे युक्रेनमधील युद्धामुळे सूर्यफूल तेल अडले, तर दुसरीकडे एप्रिल-मेमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबविली. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यामुळे दूरच्या या घडामोडींचा फटका आपल्या गल्लीतील भजीवाल्यापासून घरच्या फोडणीपर्यंत सर्वांना बसला.

सरकारी नोकरदाराला निदान महागाई भत्ता मिळतो. परंतु टेलर, जरीकारागीर, यंत्रमागावरचा मजूर, फळविक्रेता किंवा भंगारवाला यांना असा भत्ता कोण देणार? डाळ महागली म्हणून सदऱ्याची शिलाई दुसऱ्या दिवशी वाढत नाही. मग वाढलेला खर्च भागतो कोठून? बहुतेक ठिकाणी तो दुकानाच्या गल्ल्यातून भागविला जातो, आणि खरे नुकसान येथूनच सुरू होते.

भांडवल चुलीत जाते

एक साधा हिशेब पाहू. समजा एखाद्या शिंप्याने अस्तर, दोरा आणि बटणांसाठी ५००० रुपये बाजूला ठेवले होते. महिन्याच्या मध्यावर घरचा किराणा संपला आणि ते पैसे तिकडे गेले. पुढच्या आठवड्यात तोच माल त्याला उधारीवर घ्यावा लागला. उधारीच्या मालाला व्यापाऱ्याने शेकडा ५ रुपये जास्त लावले, तर २५० रुपये गेले. दरमहा असेच घडले, तर वर्षाला ३००० रुपयांचा तोटा होतो. हा तोटा कोठेही लिहिला जात नाही. 'धंद्यात बरकत राहिली नाही' एवढेच आपण म्हणतो.

म्हणून पहिला नियम असा की, दुकानाचा गल्ला आणि घरचा डबा वेगळा ठेवावा. घरखर्चासाठी आठवड्याची एक रक्कम ठरवावी, ती ठरलेल्या दिवशी घरी द्यावी आणि रोजमेळात 'घरखर्च' म्हणून लिहावी. जे बांधव स्वतः किराणा, बेकरी किंवा मटणाचे दुकान चालवितात त्यांनी तर अधिक दक्ष राहावे. दुकानातून घरी गेलेला दोन किलो तांदूळसुद्धा खरेदीच्या भावाने लिहिला पाहिजे. तो लिहिला नाही तर नफा कोठे गेला, हे वर्षअखेरीस कळत नाही. उलट कारखान्यातील कामगारांचा चहा हा दुकानाचा खर्च आहे. तो घरच्या साखर-चहापत्तीवर टाकू नये.

उधारीची वही

आठवड्याची मजुरी घेणाऱ्या कारागिराच्या घरी रोज थोडेथोडे सामान येते. आज पावशेर डाळ, उद्या तेलाची लहान पिशवी, परवा दहा रुपयांची चहापत्ती. तेही बहुधा वहीवर. वहीवरच्या गिऱ्हाइकाला भाव विचारण्याचा संकोच वाटतो आणि दुसऱ्या दुकानात जाण्याची सोयही उरत नाही. उधारीचा हा खरा भुर्दंड आहे.

यातून एका दिवसात सुटका होत नाही. म्हणून एकेक वस्तू उधारीतून सोडवावी. प्रथम तेल रोखीने घ्यावे. ते जमले की डाळ, नंतर तांदूळ. जुनी बाकी दर आठवड्याला थोडी थोडी फेडावी. किराणा दुकानदार बांधवांनीही रोखीच्या गिऱ्हाइकाला थोडी सूट दिली तर त्यांचाच फायदा आहे. कारण रोखीचा पैसा लगेच पुन्हा मालात जातो, वहीतला पैसा मात्र महिनोन्‌महिने अडकून पडतो.

किलो की लिटर?

व्यापारी माणूस धंद्याचा माल पारखून घेतो, पण घरचा किराणा मात्र डोळे झाकून आणतो. तेलाचेच घ्या. सोयाबीन तेलाचे एक लिटर २१ अंश सेल्सियसला ९१९ ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १५ किलोच्या डब्यापेक्षा सुमारे बाराशे ग्रॅम तेल कमी असते. दोन डब्यांत शंभर रुपयांचा फरक पाहून जो 'स्वस्त' डबा उचलतो, तो कदाचित महागच घेत असतो. डब्यावर किलो लिहिले आहे की लिटर, हे आधी वाचावे.

पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांचेही तसेच आहे. किंमत तीच राहते, आतले वजन गुपचूप घटते. मात्र मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असेही नाही. आता बहुतेक पाकिटांवर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो. तो पाहून तुलना करावी. सुटा माल घेताना काट्यावर आधी शून्य आहे का, हे पाहण्यात कमीपणा नाही.

हंगामाची खरेदी, वाटून खरेदी

पूर्वीच्या घरांत वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत होती. तिच्यामागे पक्का हिशेब होता. नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येऊ लागते. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये, तर साठवणीचा उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये येतो. लाल मिरची, हळद आणि चिंच यांची खरेदीही उन्हाळ्यातच होते. आवक जास्त असते तेव्हा भाव सहसा नरम असतात, पावसाळ्यात आणि सणांच्या तोंडावर ते चढतात.

आता अडचण जागेची आणि एकरकमी पैशाची. दहा बाय बाराच्या खोलीत पोते ठेवणार कोठे? त्यावर उपाय वाटून खरेदीचा आहे. मोहल्ल्यातील चार-पाच कुटुंबांनी मिळून एक पोते गहू किंवा डाळ घाऊक बाजारातून आणावी आणि वाटून घ्यावी. भिशीचा अनुभव आपल्या भगिनींना आहेच. तशीच दरमहा थोड्या रकमेची भिशी किराण्यासाठी लावता येईल. हमाली आणि टेम्पोचे भाडे मात्र भावात धरावे. ते धरूनही बचत होत असेल तरच हा खटाटोप करावा. माल कडक उन्हात वाळवून, कोरड्या डब्यात ठेवावा. मिरचीत हिंगाचे खडे टाकावेत, चिंचेला मीठ लावावे. किडींनी खाल्लेली डाळ कोणत्याही भावाने महागच असते. आणि साठा करण्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

रेशन सोडू नका

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. गावचे कार्ड असलेला कारागीर आपल्या वाट्याचे धान्य भिवंडी किंवा मालेगावातील रेशन दुकानातही घेऊ शकतो. यासाठी कार्डावर सर्वांची नावे असणे, आधार जोडलेले असणे आणि ई-केवायसी पूर्ण असणे आवश्यक आहे. काही घरांत हा तांदूळ दारावर येणाऱ्याला कवडीमोलाने विकतात आणि तोच पैसा दुकानात देऊन महाग तांदूळ आणतात. त्याऐवजी तो दळून भाकरीला वापरला, तर आठवड्याचा पिठाचा खर्च कमी होईल.

कात्री कोठे लावावी?

बचत म्हणजे पोट मारणे नव्हे. मुलांचे दूध, अंडी आणि डाळ यांना हात लावू नये. तूर महाग असेल तर मसूर, मूग किंवा हरभऱ्याची डाळ घ्यावी. कात्री लावायचीच तर ती शीतपेये, पाकिटातील खाऊ, बाहेरचे खाणे आणि उरून फेकले जाणारे अन्न यांना लावावी. अनेक घरांत महागाईची पहिली कपात घरच्या बाईच्या ताटात होते, आणि तिची नोंद कोणत्याही वहीत नसते. अशी बचत औषधोपचारात दुप्पट होऊन बाहेर पडते.

रमजानबद्दलही एक गोष्ट. रमजान अचानक येत नाही. त्याची तारीख साऱ्यांना ठाऊक असते, तरी बेसन, खजूर आणि सरबताची खरेदी चंद्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, चढ्या भावात होते. रजबपासूनच दर आठवड्याला थोडे पैसे बाजूला ठेवले, तर ईदच्या कपड्यांसाठी गल्ल्याला हात लावावा लागणार नाही. रमजान-ईदचे दिवस टेलर, चप्पलवाले, अत्तरवाले यांच्या कमाईचे असतात. नेमक्या त्याच दिवसांत भांडवल घरात खर्च झाले, तर वर्षाची कमाईच हुकते.

सुरुवात सोपी आहे. एक वही घ्यावी आणि महिनाभर घरात आलेली प्रत्येक वस्तू वजन, भाव आणि 'रोख की उधार' यासह लिहावी. महिन्याच्या शेवटी नवरा-बायकोने एकत्र बसून ती वाचावी. बाजारभाव आपल्या हाती नाही, पण गल्ला आपल्या हाती आहे. तो शाबूत राहिला तर धंदा चालू राहील, आणि धंदा चालला तर चूल पेटती राहील.