प्रार्थनास्थळातून विधिमंडळाकडे

अमेरिकेतल्या बंदुकांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. एका बाजूला बायबल आणि बंदूक दोन्ही जपणारा खेड्यातला माणूस, दुसऱ्या बाजूला धर्मापासून दूर गेलेला शहरी माणूस. हे चित्र खोटं नाही, पण अर्धंच आहे. देशाच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. (राजधानीचं वॉशिंग्टन शहर ते वेगळं.) तिथली चर्च, सिनेगॉग आणि मशिदींतली मंडळी बऱ्याच वर्षांपासून दोन मागण्या घेऊन विधिमंडळाच्या पायऱ्या चढत आहेत : बंदुकांवर नियंत्रण आणि सामान्यांना परवडणारी घरं. सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड ही शहरं याच राज्यातली. तिथे संगणक क्षेत्रात काम करणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, तेव्हा तिथल्या घरभाड्याचे आकडे पुण्या-ठाण्यातल्या अनेक आईवडिलांना तोंडपाठ असतील.

धर्मसंस्थांनी कायद्याच्या कामात पडावं का, असा प्रश्न आपल्याला सहज पडेल. अमेरिकेत याची रेघ आखलेली आहे. 1954 सालापासूनच्या करकायद्यानुसार करमाफी असलेल्या संस्थेला निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. एखाद्या विधेयकाबद्दल मात्र बोलता येतं. तो संस्थेच्या कामाचा मोठा भाग होऊ नये, एवढीच अट. म्हणजे 'अमक्याला मत द्या' हे चालत नाही, 'हा कायदा करा' हे चालतं.

घरांची कथा वुडिनव्हिल या सिएटलजवळच्या गावापासून सांगायला हवी. 2006 मध्ये तिथल्या नॉर्थशोर युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या चर्चनं बेघरांच्या तंबूंना आपल्या आवारात जागा द्यायचं ठरवलं. नगरपालिकेनं त्या भागातल्या नव्या परवानग्या काही काळ थांबवल्या होत्या. तिनं अर्ज विचारातच घेतला नाही. प्रकरण न्यायालयात गेलं. चर्चचं म्हणणं साधं होतं : निराश्रिताला आसरा देणं हाच आमचा धर्माचार आहे, ती काही आमची जोडधंद्याची समाजसेवा नव्हे. खालच्या न्यायालयांत चर्च हरलं. 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. नगरपालिकेला वाजवी अटी घालता येतील, पण अर्ज पाहणारच नाही असं म्हणता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, विधिमंडळानं असे तंबू उभारू देण्याचा धर्मसंस्थांचा हक्क कायद्यात घातला.

पण तंबू म्हणजे घर नव्हे. अनेक जुन्या चर्चकडे मोठी जमीन असते, प्रार्थनेला येणारे मात्र घटत चाललेले. मग वाहनतळाच्या जागेवर इमारत का बांधू नये? आडवे येतात नगररचनेचे नियम. 2019 च्या कायद्यानं धर्मसंस्थेच्या जमिनीवर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरं बांधायची असतील तर नेहमीपेक्षा जास्त बांधकाम करू द्यावं, असं शहरांना बंधनकारक केलं. अट अशी की ती घरं किमान 50 वर्षं परवडणारी राहिली पाहिजेत. आपल्याकडच्या वाढीव चटईक्षेत्राचीच ही कल्पना. 2025 मध्ये भाडेवाढीवरही मर्यादा आली : वर्षाला 7 टक्के अधिक महागाईचा दर, किंवा 10 टक्के, यांतलं जे कमी असेल ते.

बंदुकीचा प्रश्न राज्याच्याच दारात न्यावा लागतो, कारण शहरांना बंदुकांबाबत स्वतःचे नियम करायला राज्याच्या कायद्यानं मनाई आहे. 2006 मध्येच सिएटलच्या ज्यू फेडरेशनच्या कार्यालयात एक बंदूकधारी शिरला. एक महिला ठार झाली, पाच जखमी. त्या जखमींपैकीच एक महिला पुढे 2014 च्या जनप्रस्तावाची अधिकृत प्रस्तावक झाली. खासगी व्यवहारातसुद्धा बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासावी, असा तो प्रस्ताव होता. विधिमंडळात हे काम अडलं होतं, म्हणून ते थेट मतदारांपुढे गेलं, आणि सुमारे 59 टक्क्यांनी कौल दिला. 2023 मध्ये लष्करी धाटणीच्या रायफलींच्या विक्रीवर बंदी आली. 2025 च्या कायद्यानं खरेदीआधी परवाना आणि प्रशिक्षण आवश्यक केलं. त्याच्या अमलासाठी 1 मे 2027 ही तारीख ठरवली आहे.

हे घडवण्याची रीत फारशी नाट्यमय नाही. राज्यात 49 मतदारसंघ. प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी. विषम वर्षी अधिवेशन 105 दिवसांचं, सम वर्षी अवघं 60 दिवसांचं. फेथ अ‍ॅक्शन नेटवर्क ही बहुधर्मीय संघटना अधिवेशनाच्या काळात ऑलिम्पिया या राजधानीत लोकांना एकत्र आणते. माणसं मतदारसंघाप्रमाणे गट करून आपापल्या प्रतिनिधीला भेटतात. समितीपुढे सुनावणी असली की बाजूनं किंवा विरोधात नाव नोंदवता येतं, साक्षही देता येते. तिथे एखाद्या पाद्र्यानं केलेलं प्रवचन फारसं कामाला येत नाही. भाडं वाढल्यामुळे आपल्या मंडळीतली कोणती म्हातारी बाई गाव सोडून गेली, हे त्यानं सांगितलं तर समितीतले लोक मान वर करून ऐकतात, असं मला वाटतं.

विरोध करणारेही देवाधर्माचेच असतात, हे विसरून चालणार नाही. राज्याच्या पूर्व भागात शेती आहे, शिकार आहे, आणि पोलीस यायला वेळ लागतो. 2018 मध्ये मतदारांनी बंदुकांचे आणखी कडक नियम मंजूर केले, तेव्हा काही काउंटींच्या शेरीफांनी ते राबवणार नाही असं जाहीर केलं होतं. घरांच्या बाबतीत अडचण जरा निराळी आहे. गरिबांना घर मिळावं याला कोणाचीच ना नसते. ते घर आपल्या गल्लीत नको, एवढंच म्हणणं असतं. आणि हे म्हणणारा शेजारी कित्येकदा त्याच चर्चमध्ये दर रविवारी येणारा असतो.