चूक स्थिर की भटकी?

कॉम्प्युटरचं मशीन म्हटलं की लोकांची एक ठरलेली समजूत असते. बटण दाबायचं, एका बाजूने लोखंड आत जातं, दुसऱ्या बाजूने तयार पार्ट बाहेर पडतो. मधल्या माणसाने फक्त उभं राहून बघायचं. मुलाला आयटीआयला घालायला निघालेले पालकही मला हेच विचारतात, "मशीनच सगळं करतं ना? मग पोराने शिकायचं काय?" कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, एका शेडमध्ये मालाची मापं तपासण्यात माझी तीसेक वर्षं गेली. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस मी. पण हातात मायक्रोमीटर आला तो कायमचाच. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर आज जरा सावकाशीने देतो.

या यंत्रांना सीएनसी म्हणतात. आकड्यांनी यंत्र चालवण्याची ही कल्पना अमेरिकेतली. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळणदार आकार हाताने नेमके साधत नव्हते, त्या अडचणीतून ती निघाली, आणि 1952 साली एमआयटी या संस्थेत भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आलं. पट्टी गेली, पडदा आला. पण मूळ गोष्ट तीच राहिली. यंत्राला लोखंड कळत नाही, आकार कळत नाही. त्याला फक्त अंतर कळतं.

तेही कसं, ते पाहा. टूल पुढेमागे सरकवायला एक आटे पाडलेला दांडा असतो, त्याला बॉलस्क्रू म्हणतात. तो मोटरने फिरतो. एका फेऱ्यात टूल समजा 10 मिलिमीटर सरकतं. मोटरच्या मागे एन्कोडर नावाचा मोजणीदार बसलेला असतो. तो फेरे मोजतो आणि संगणकाला कळवतो. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक मशीनांत संगणकाला मोटर किती फिरली एवढंच ठाऊक असतं. टूलचं टोक खरोखर कुठे पोचलं, हे त्याला कळत नाही. मोटर आणि टोक यांच्यामध्ये कपलिंग आहे, बॉलस्क्रू आहे, टरेट आहे, होल्डर आहे, इन्सर्ट आहे. यातलं काहीही ढिलं असलं तरी पडद्यावरचा आकडा बरोबरच दिसणार. पुढचं सगळं समजायला ही एक गोष्ट लक्षात ठेवा.

आता सेटिंग. सेटिंग म्हणजे मशीनला सांगणं की जॉब कुठे आहे आणि प्रत्येक टूलचं टोक कुठे आहे. लेथवर आधी चकचे पंजे, म्हणजे जॉ, तयार करावे लागतात. सॉफ्ट जॉ मऊ पोलादाचे असतात. ते जॉबच्या मापाला मशीनवरच कापून घ्यायचे. कापताना चकने एखादी रिंग आवळून धरलेली हवी, आणि दाबही पुढे जॉब धरताना असेल तोच हवा. इथे घाई केली की जॉब एका बाजूला लंगडतो आणि दिवसभर त्याचं खापर बिचाऱ्या प्रोग्रॅमवर फुटतं. मग जॉबचा पुढचा चेहरा हे शून्य मानायचं, एकेक टूल हळूच जॉबला टेकवायचं, माप घ्यायचं आणि तो आकडा ऑफसेटच्या पानावर भरायचा. पहिल्या जॉबला शहाणा सेटर मुद्दाम अर्धा मिलिमीटर माल राखून कापतो, थांबतो, मोजतो, आणि मगच पूर्ण मापाला जातो. माल असेल तर कापता येतो. कापलेला परत चिकटवता येत नाही.

एका टिंबाबद्दल सांगतो. अनेक कंट्रोलवर 'एक्स 50' असं लिहून पुढे दशांशचिन्ह द्यायचं राहिलं, तर मशीन ते 50 मिलिमीटर समजत नाही, 50 मायक्रॉन समजतं. म्हणजे 0.05 मिलिमीटर. 50 व्यासावर थांबायचं टूल जॉबच्या थेट मध्याकडे झेपावतं. काही मशीनांवर आतली एक नोंद बदललेली असते, तिथे टिंबाशिवायही 50 म्हणजे 50च. त्यामुळे एका मशीनवर गुण्यागोविंदाने चाललेला प्रोग्रॅम शेजारच्या मशीनवर घात करतो. आमच्या घरात मराठीबरोबर उर्दूही चालते. उर्दूत एक टिंब जास्त पडलं की 'दुआ'ची 'दगा' होते, हे मला लहानपणीच शिकवलेलं. शेडमध्ये ते जास्त उपयोगी पडलं.

म्हणून नवा प्रोग्रॅम एकेक ओळ करून, वेग कमी ठेवून चालवायचा. हल्लीच्या मशीनवर टूलची नुसती धाव मिनिटाला 24 मीटर असणं काही विशेष नाही. म्हणजे सेकंदाला 400 मिलिमीटर. डोळ्याने धोका पाहून बोट लाल बटणावर पोचायला पाव सेकंद धरा. तेवढ्यात टूल चार इंच पुढे गेलेलं असतं. मशीन ठोकलं की नुसतं टूल मोडून भागत नाही. स्पिंडलची बेअरिंगं दुखावतात, टरेट तिरका होतो, आणि ते दुखणं पुढे कित्येक महिने मापात डोकावत राहतं. दरवाजा उघडला की मशीन थांबावं यासाठी जो स्विच असतो, तो तारेने बांधून ठेवलेला मी अनेक शेडमध्ये पाहिला आहे. दोन सेकंद वाचवायला हाताची बोटं पणाला लावणारा हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

आता बिघाड. जी चूक अलार्म देते ती त्यातल्या त्यात सोपी. तेल कमी झालं, हवेचा दाब उतरला, मोटरवर भार आला, तर पडदा स्वतःच बोलतो. फक्त तो अलार्म पुसून पुन्हा बटण दाबायच्या आधी नंबर वहीत लिहायची सवय हवी. काही मशीनांत मोटरची जागा लक्षात ठेवायला छोट्या बॅटऱ्या असतात. त्या उतरत आल्याची सूचना महिनाभर डोळ्यांसमोर लुकलुकते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. दिवाळीच्या सुट्टीत वीज बंद होते आणि परत आल्यावर मशीनला आपलं घर कुठे होतं हेच आठवत नाही. ही बॅटरी साधारणपणे मशीनची वीज चालू असतानाच बदलायची असते, आणि म्हणूनच ती शिकलेल्या माणसानेच बदलावी.

खरी परीक्षा अलार्म न देणाऱ्या चुकीची. मशीन छान चाललंय, आवाज गोड आहे, आणि माप मात्र चुकतंय. अशा वेळी पहिला प्रश्न 'किती चुकतंय' हा नाही. चूक स्थिर आहे, सरकती आहे की भटकी आहे, हे आधी विचारायचं. दहा जॉब सारख्याच 20 मायक्रॉनने मोठे आले तर चूक स्थिर; ऑफसेटमध्ये 20 कमी करा, विषय संपला. माप एकाच दिशेने हळूहळू सरकत असेल तर इन्सर्ट झिजतंय किंवा काहीतरी तापतंय. मीटरभर पोलाद एका अंशाने तापलं की 11-12 मायक्रॉन लांबतं; म्हणूनच सकाळी थंड मशीन पंधरा-वीस मिनिटं रिकामं फिरवून घेतात. आणि माप कधी वर, कधी खाली असं भटकत असेल, तर ऑफसेटला हात लावणं हा त्यावर इलाज नव्हे. तिथे कुठेतरी काही ढिलं आहे, वाकतंय, किंवा मोजणाराच चुकतोय.

2011च्या एप्रिलमधली गोष्ट आहे. बेअरिंग बसवायच्या बिडाच्या हाउसिंगचं काम चालू होतं. भोक 50 मिलिमीटरचं, आणि सूट 50.000 ते 50.025, म्हणजे 25 मायक्रॉन, केसाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा. एका रात्रीत 31 जॉब बाद झाले. मशीनवर ठेकेदाराकडून आलेला विशीतला पोरगा होता. सकाळी तो माझ्याकडे आला, "चाचा, मी प्रत्येक जॉब मोजला, प्रत्येक वेळी ऑफसेट दिला, तरी माप पळतंय." खोटं बोलत नव्हता. ऑफसेटचं पान पाहिलं तर रात्रभर आठ वाढव, दहा कमी कर, सहा वाढव असं चाललेलं. आमचे सेटर मिस्त्री आले आणि म्हणाले, "आधी त्या कीबोर्डावरचा हात काढ. दहा जॉब काहीही न बदलता काप. आणि शायर, तुम्ही ते लगेच मोजू नका."

डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ होते. जपानी कारखानदारांना त्यांनी 1950 पासून दर्जाचे धडे दिले. ते एक प्रयोग करून दाखवत. खाली खूण करायची, वर नरसाळं धरून त्यातून गोटी सोडायची. गोटी खुणेपासून थोडी इकडेतिकडे पडणारच. आता प्रत्येक वेळी गोटी जेवढी चुकली तेवढं नरसाळं उलट्या बाजूला सरकवत गेलं, तर गोट्या खुणेजवळ येत नाहीत, उलट जास्त विखुरतात; गणिताने सुमारे 1.4 पट. आमच्या पोराने रात्रभर इमानेइतबारे नरसाळं सरकवलं होतं. आळशी ऑपरेटरच्या हातून कदाचित कमी जॉब बाद झाले असते.

दहा जॉब टेबलावर निवू दिले. बीड कोरडंच कापत होतो, त्यामुळे मशीनमधून निघालेला जॉब गेजपेक्षा 25 अंशांनी तरी गरम असायचा. एवढ्या फरकाने 50चं भोक 13 मायक्रॉन मोठं दिसतं. निम्मी सूट तिथेच गेली! गरम जॉब 'मोठा' म्हणून ऑफसेट कमी करायचा, आणि तोच जॉब निवला की लहान म्हणून बाद. निवलेले दहा मोजले तेव्हा विखुरणं 19 मायक्रॉनवर आलं. सुटीत बसत होतं, पण जेमतेम. इन्सर्ट जरा झिजलं की पुन्हा बाहेर.

मग मिस्त्रींनी मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावली आणि टरेटला टेकवली. हातचाकाने टूल एका दिशेला थोडं थोडं सरकवायचं, मग दिशा उलटी करायची. उलटं फिरवल्यावर पडद्यावरचा आकडा पुढे जातो आणि डायलचा काटा जागचा हलत नाही, तेवढी बॉलस्क्रूची मोकळीक. (एक्स अक्षावर पडद्यावर व्यास दिसतो, डायलवर त्याच्या निम्मं, नवी पोरं इथे उगाच घाबरतात.) आमच्याकडे मोकळीक जवळजवळ नव्हतीच. इन्सर्टची बैठक साफ, स्क्रू घट्ट. मशीन निर्दोष सुटलं.

मिस्त्री मशीनकडे पाठ करून न कापलेल्या मालाच्या ढिगाकडे गेले. त्यांनी पाच-सहा कच्चे जॉब उचलून भोकं व्हर्नियरने मोजली. कुठे माल जास्त, कुठे कमी, कुठे एकाच भोकात एका बाजूला जाड. फौंड्रीत भोकासाठी जो वाळूचा कोअर ठेवतात, तो जागेवरून सरकत होता. आमचा बोरिंग बार लांब. माल जास्त आला की तो वाकतो, कमी आला की कमी वाकतो. बाराची बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने त्याचं झुकणं आठपट होतं. प्रोग्रॅम मात्र भोक दोनच पासांत कापत होता. पहिल्या पासातला हा वाकडेपणा थोडाथोडा दुसऱ्यात उतरायचा.

इलाज सोपा होता. मधे आणखी एक पास टाकायचा, म्हणजे शेवटच्या पासाला सगळीकडे सारखाच माल उरतो. अडचण एवढीच की त्याला जॉबमागे 9 सेकंद जास्त लागत. पाळीला 240 जॉब धरले तर 36 मिनिटं. मालक म्हणाले, परवडत नाही. मिस्त्रींनी वाद घातला नाही. 31 बाद जॉबांची किंमत कागदावर मांडली आणि 36 मिनिटांच्या भाड्याशेजारी ठेवली. चार दिवसांनी परवानगी मिळाली. विखुरणं 8 मायक्रॉनवर आलं.

राहिली रिजेक्शनची वही. तिच्यात कारणाचा एक रकाना असतो, आणि 'ऑपरेटरची चूक' हे त्यात लिहायला सगळ्यात सोपं कारण. ते लिहिलं असतं तर ठेकेदाराने 31 जॉब त्या पोराच्या पगारातून कापले असते. रकाना भरणं माझं काम होतं. मी लिहिलं, 'कच्च्या मालात कोअर सरकलेला. जॉब गरम असताना मोजणी. ऑपरेटरला मोजणीची सूचना लेखी दिलेली नव्हती.' रकान्यात जागा पुरेना, म्हणून उरलेलं समासात लिहिलं आणि मिस्त्रींची सही घेतली. महिन्याभरात फौंड्रीने कोअरबॉक्स दुरुस्त केला. जास्तीचा पास मात्र मिस्त्रींनी प्रोग्रॅममधून काढला नाही.