डायपोल की बायपोल? स्पीकर विकण्याआधी गिऱ्हाइकाची खोली पाहा

पुढून आणि मागून, दोन्हीकडे आवाज सोडणारे स्पीकर घरच्या हाय-फाय सेटसाठी मागणारे गिऱ्हाईक ऑडिओच्या धंद्यातील आपल्या बंधूंकडे अधूनमधून येते. या मालात डायपोल व बायपोल अशा दोन जाती आहेत. नावे जवळजवळ सारखी असल्याने दुकानदारसुद्धा एकाऐवजी दुसरा गळ्यात मारतात. माल महाग असतो. चुकीच्या खोलीत गेला तर गिऱ्हाइकाची रक्कम बुडते आणि दुकानाची पत जाते.

डायपोल म्हणजे पाठ उघडी असलेला स्पीकर. शंकू पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागे ती खेचतो. पुढची व मागची लाट एकमेकींच्या उलट असल्यामुळे बाजूला दोन्ही मारल्या जातात आणि तिथे आवाज फार थोडा जातो. याचा फायदा असा की बाजूच्या भिंतींवरून प्रतिध्वनी कमी येतो. तिलावत असो वा गझल, माणसाचा गळा स्वच्छ ऐकू येतो. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७ साली बाजारात आला, तो याच जातीचा. अमेरिकेतील मॅग्नेपॅनचे पडद्यासारखे पातळ स्पीकरही असेच.

तोटा खर्जात आहे. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते. ती फळीच्या कडेवरून सहज वळते आणि मागच्या लाटेत मिळून नाहीशी होते. म्हणून डायपोलला मोठे वूफर आणि रुंद फळी लागते. शिवाय तो मागच्या भिंतीपासून निदान १ मीटर पुढे ठेवावा. म्हणजे मागचा आवाज भिंतीवर आपटून सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येतो आणि मूळ आवाजात कालवला जात नाही. आता १० बाय १२ फुटांच्या खोलीत १ मीटर म्हणजे लांबीचा पाव भाग गेला! अशा घरात डायपोल विकू नये. दीनने व्यापाऱ्याला मालातील ऐब लपवण्यास सक्त मनाई केली आहे. माल उत्तम असूनही खोलीला लागू पडत नसेल तर तेही ऐबातच धरावे, असे आमचे मत आहे.

बायपोल बंद खोक्याचा असतो. पुढे-मागे वेगवेगळे स्पीकर बसवलेले असतात आणि दोन्ही एकाच वेळी बाहेर ढकलतात. त्यामुळे खर्ज मरत नाही, आवाज खोलीभर पसरतो. कॅनडाच्या मिराज कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या एम-१ मुळे ही जात नावारूपाला आली. मात्र बाजूच्या भिंतींवरही आवाज आदळतो, म्हणून गायक नेमका कुठे बसला आहे हे डायपोलइतके स्पष्ट होत नाही. भिंतीपासून अंतर यालाही हवे. सामान भिंतीलाच टेकवायचे असेल तर या दोन्हींपेक्षा साधा एकतोंडी स्पीकर बरा.

सुतारकाम करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. बायपोलच्या खोक्यात समोरासमोरचे दोन वूफर एकमेकांचा धक्का झेलतात; त्यांच्या चुंबकांमध्ये लाकडाचा आडवा टेकू घट्ट बसवला तर खोके कमी थरथरते. डायपोलच्या फळीला असा सोबती नाही, म्हणून प्लायवूड जाड आणि पाया भक्कम हवा. मागची बाजू ओबडधोबड दिसते म्हणून तिथे फळी ठोकण्याचा मोह होतो, पण मग तो डायपोल राहत नाही.

दुरुस्तीवाल्यांनी बायपोल उघडल्यावर तारा उलटसुलट जोडू नयेत. मागचा स्पीकर उलटा जोडला गेला की बायपोलचा डायपोल होतो आणि खर्ज गायब. तपासणी सोपी आहे. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर लावावा. बायपोलमध्ये पुढचा व मागचा, दोन्ही वूफरचे शंकू एकदमच बाहेर किंवा एकदमच आत जातील. एक बाहेर आणि एक आत गेला तर जोडणी उलटी आहे. तसेच ८ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो. गिऱ्हाइकाच्या अॅम्प्लिफायरच्या पाठीवर किती ओहम लिहिले आहे, ते पाहिल्याशिवाय बिल फाडू नये.