मण्यार की कवड्या? पट्टे कुठून सुरू होतात ते पाहा

बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबं कोपीत जमिनीवरच झोपतात आणि विषारी मण्यार फिरते ती रात्री. घोळ असा, की बिनविषारी कवड्याही रात्रीच निघतो आणि पांढरे आडवे पट्टे त्यालाही असतात.

मण्यार काळी-निळसर, चकचकीत. तिचे पट्टे बारीक, बहुतेकदा जोडीने. शेपटीकडे ठळक, मानेजवळ पुसट किंवा नसतातच. कवड्या तपकिरी. त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक, शेपटीकडे विरत जातात. पक्की खूण मात्र पाठीच्या कण्यावर आहे. तिथली खवल्यांची ओळ मण्यारीत मोठी, षटकोनी असते, कवड्यात नसते. ही खूण लांबून काढलेला फोटो मोठा करून बघायची, सापाजवळ वाकून नव्हे.

मण्यारीचा चावा अनेकदा दुखत नाही, सुजतही नाही. काही तासांनी पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो. त्यामुळे चावल्याचा नुसता संशय आला तरी ओळख पटवत बसू नका, १०८ ला फोन करा. साप मारून दवाखान्यात नेण्याचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर इंजेक्शन एकच असतं.