बाळ रडले आणि नमाज आटोपती झाली

रमजानच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास कुठल्याही मशिदीजवळून गेले, तर आतून कुरआन पठणाचा आवाज कानावर येतो. ही तरावीहची नमाज. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर ती फक्त याच महिन्यात पढली जाते. बहुतेक मशिदींत तिच्या २० रकाती असतात आणि महिनाभरात संपूर्ण कुरआन वाचून पूर्ण केले जाते. पुढच्या रांगांत मोठी माणसे असतात. सर्वांत मागच्या रांगेत आठ-दहा वर्षांची मुले. नवी टोपी, थोडा मोठाच झालेला कुर्ता, सजद्यात गेल्यावर शेजारच्याला हळूच मारलेले कोपर आणि मग दाबून न दबणारे हसू. सलाम फिरवताच एखादे बुजुर्ग मागे वळून जोरात दटावतात. कुणाचा कान पिरगळला जातो, कुणाला बाहेर काढले जाते. काही मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. काही येत नाहीत.

या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न आजचा नाही. तो १४०० वर्षांपूर्वी मदिनेच्या मशिदीतही होता. तिथे त्याला जे उत्तर मिळाले, ते हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. हदीस म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे बोलणे, वागणे आणि त्यांनी दिलेली संमती यांच्या, त्यांच्या सहकाऱ्यांकडून पुढे आलेल्या नोंदी.

इ. स. ६२२ मध्ये प्रेषित मक्केहून मदिनेला आले आणि तिथे मशीद उभी राहिली. खजुरीच्या खोडांचे खांब आणि वर झावळ्यांचे छप्पर, एवढीच ती साधी वास्तू. प्रेषितांच्या कुटुंबाच्या खोल्या मशिदीला लागूनच होत्या. घर आणि मशीद यांच्यात जेमतेम एका भिंतीचे अंतर. पुरुषांच्या मागे स्त्रियाही नमाजला उभ्या राहत आणि त्यांच्यासोबत तान्ही मुलेही असत. मूल म्हटले की रडणे आलेच. प्रेषितांनी स्वतः सांगितले आहे की, नमाज लांबवावी असे मनात धरून ते उभे राहत. पण एखाद्या बाळाचे रडणे कानी आले की ती आटोपती घेत. कारण त्या रडण्याने आईच्या जिवाची कशी घालमेल होत असेल, याची त्यांना जाणीव असे. बाळाला बाहेर न्या, असे आईला सांगितले गेले नाही. थोडी झाली ती नमाज.

आणखी एक प्रसंग उमामा या छोट्या मुलीचा आहे. प्रेषितांची मुलगी हजरत जैनब यांची ही लेक. नातीला खांद्यावर घेऊनच प्रेषितांनी लोकांसमोर नमाज पढवली. सजद्याला जाताना तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमुख संग्रहांत हा प्रसंग आहे. हसन आणि हुसैन या नातवांपैकी एक जण एकदा आजोबा सजद्यात असताना त्यांच्या पाठीवर चढून बसला. सजदा इतका लांबला की मागचे लोक काळजीत पडले. नमाजनंतर त्यांनी विचारले, काही झाले का? प्रेषितांचे उत्तर साधे होते. नातू पाठीवर बसला होता, त्याचे मन भरेपर्यंत त्याला घाईने उतरवणे बरे वाटले नाही.

मुलांइतकीच सवलत नवख्या माणसालाही होती. मुआविया इब्न हकम हे नुकतेच इस्लाम स्वीकारलेले गृहस्थ एकदा जमातीत उभे होते. शेजारी कुणाला तरी शिंक आली, तेव्हा ते सवयीने मोठ्याने दुआ देऊन मोकळे झाले. नमाजमध्ये बोलायचे नसते, हे त्यांना ठाऊक नव्हते. लोक डोळे वटारू लागले, तशी त्यांनी नमाजमध्येच विचारणा केली की सगळे असे का पाहता. मग लोक मांड्यांवर हात मारून त्यांना गप्प बसवू लागले. नमाज संपल्यावर आता बोलणी खावी लागणार, असेच कुणालाही वाटले असते. प्रेषित त्यांच्यावर ओरडले नाहीत की त्यांना वाईट बोलले नाहीत. नमाजमध्ये आपापसातले बोलणे शोभत नाही, ती ईश्वराच्या स्मरणासाठी आणि कुरआन पठणासाठी असते, एवढेच त्यांनी समजावले. इतका चांगला शिक्षक आपण त्यापूर्वी पाहिला नाही आणि त्यानंतरही नाही, असे मुआविया पुढे सांगत.

मग राग आला तो कुणाचा? मुआज इब्न जबल हे तरुण आणि विद्वान सहकारी आपल्या मोहल्ल्यात इशाची नमाज पढवत. एकदा त्यांनी २८६ आयतींची, कुरआनमधली सर्वांत मोठी सूरह सुरू केली. दिवसभर उंटांच्या मदतीने पाणी ओढून थकलेला एक माणूस मागे उभा होता. त्याला ते झेपेना. त्याने जमात सोडली आणि एकट्याने नमाज उरकून तो निघून गेला. लोकांनी त्याच्या निष्ठेवर संशय घेतला. गाऱ्हाणे प्रेषितांपर्यंत गेले, तेव्हा कानउघाडणी झाली ती मुआज यांची. लोकांना धर्मापासून तोडता आहात का, असे त्यांना तीन वेळा विचारले गेले. मागे उभ्या असणाऱ्यांत म्हातारे, अशक्त आणि कामाधंद्याची माणसे असतात, हे लक्षात ठेवून लहान सूरह पढाव्यात, असे सांगितले गेले. पुढे याच मुआज यांना शिक्षक आणि प्रशासक म्हणून यमनला पाठवण्यात आले. चूक झालेल्या शिक्षकालाही शिकू दिले जाते, हेही इथे दिसते.

मुलांच्या रोजाची गोष्टही अशीच आहे. मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, आशूराला, मदिनेतली मंडळी लहान मुलांनाही रोजा ठेवायला लावत. रुबय्यि बिन्त मुअव्विज या सहकारी स्त्रीने त्याची आठवण सांगितली आहे. आया लोकरीची खेळणी करून ठेवत. एखादे मूल भुकेने रडू लागले की त्याच्या हातात खेळणे देत आणि इफ्तारची वेळ होईपर्यंत त्याला रमवत. आजही पहिला रोजा ठेवलेल्या मुलाला दुपारी चारनंतर घरातले सगळे जण गोष्टी सांगून, फिरवून आणून रमवतात. ती लोकरीची खेळणीच वेगळ्या रूपात चालत आली आहेत.

मात्र याच परंपरेतली एक हदीस छडीचे समर्थन करणाऱ्यांच्या तोंडी हमखास असते. मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाजची आज्ञा करा आणि दहाव्या वर्षी ते टाळू लागले तर मारा, असा तिचा आशय. ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही; ती नीट वाचायला हवी. सात आणि दहा यांच्यामध्ये तीन वर्षे आहेत. रोज पाच नमाज या हिशेबाने ते ५,४७५ वेळा होते. इतक्या वेळा तोंडाने, प्रेमाने सांगून झाले आहे, असे किती पालक छातीवर हात ठेवून म्हणू शकतील? धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यानंतरही अटी घातल्या : तोंडावर मारायचे नाही, जखम होईल असे मारायचे नाही. आणि स्वतः प्रेषितांनी रणांगणाबाहेर कधी कुणावर हात उगारला नाही, ना स्त्रीवर ना नोकरावर, अशी हजरत आयेशा यांची साक्ष आहे.

मारून शिकवण्याने काय होते, हे ट्यूनिसमध्ये जन्मलेले इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त सांगितले आहे. धाकात वाढलेल्या मुलाचा उत्साह मावळतो, ते आळशी होते, मार चुकवण्यासाठी खोटे बोलायला शिकते आणि पुढे तोच त्याचा स्वभाव होतो. त्यांच्याही आधी, ११११ मध्ये निधन पावलेले इमाम गजाली सांगून गेले होते की, अभ्यासानंतर मुलाला खेळू दिलेच पाहिजे, नाहीतर त्याचे मन मरते. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यावर बंदी आणली. सकाळी मकतबच्या चटईवर बसणारे आणि अकरा वाजता शाळेच्या बाकावर बसणारे मूल एकच असते. त्याची पाठही एकच असते.

या शिकवणीचा कस घरात लागतो. प्रेषितांच्या घरात वाढलेला उमर इब्न अबू सलमा हा मुलगा जेवताना ताटभर हात फिरवायचा. त्याला तीन गोष्टी सांगितल्या गेल्या : ईश्वराचे नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्यासमोरचे खा. आपण त्यानंतर कायम तसेच जेवत आलो, असे त्याने मोठेपणी सांगितले. इफ्तारच्या दस्तरख्वानवर एकाच थाळीत पाच-सहा हात जातात, तेव्हा आजही हा धडा मुलांना दिला जातो. प्रेषित घरी काय करत, असे हजरत आयेशा यांना कुणी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की, ते घरच्यांच्या कामाला हात लावत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. सहेरीसाठी पहाटे सर्वांत आधी उठणारी आणि इफ्तारनंतर सर्वांत शेवटी बसणारी बाई प्रत्येक घरात आहे. रमजानच्या नमाजा मोजणाऱ्या पुरुषांनी ही साक्षही लक्षात ठेवायला हवी. वडील भांडी उचलताना दिसले, तर मुलाला वेगळा धडा द्यावा लागत नाही.

कीर्तनात आजोबांच्या मांडीवर झोपी गेलेले मूल काय ऐकते, असे कुणी विचारत नाही. ते तिथे आहे, एवढे पुरते. बाकीचे हळूहळू येते. मशिदीच्या शेवटच्या रांगेतल्या मुलाचेही तसेच आहे. आठव्या वर्षी ज्याला दारातून हाकलले, त्याला अठराव्या वर्षी नमाजला का येत नाहीस, असे विचारण्यात अर्थ नसतो. त्यापेक्षा दोन मोठ्यांनी मधे थोडी जागा करून त्याला आपल्या शेजारी उभे करावे. तो हसला, तर हसू द्यावे. तरावीह वीस रकातींची असते, ईदपर्यंत रात्रीही पुष्कळ असतात. त्यांत कधीतरी तो आपोआप शांत उभा राहील.